सहा जोड, एक इस्त्री

माळ्यावरचा_माणूस

गेले पंधरा दिवस पुण्यात नारायण पेठेत आईच्या घरचा माळा आवरतोय. वाडा पाडून इमारत झाली तेव्हा सामान एका माळ्यावरून उतरलं आणि थेट दुसऱ्या माळ्यावर चढलं. मधल्या मध्ये एकही गाठोडं कुणी सोडून बघितलं नाही. परवा बुटांच्या एका रिकाम्या खोक्यात वडिलांची हिशेबाची वही सापडली. खोक्याच्या मागे, जुन्या धोतरात गुंडाळलेली विजेची इस्त्री.

वही १९६३ ची. रविवार, ९ जूनचं पान जसंच्या तसं उतरवतो:

ती. अण्णा – कोल्हापुरी – ८ रु. ५० न.पै.
मी – बूट काळे – २२ रु. ९५ न.पै.
आक्का – चप्पल – ७ रु. ९५ न.पै.
थोरला – क्यानव्हास पांढरे – ६ रु. ९५ न.पै.
मधली – शाळेचे काळे, पट्ट्याचे – ८ रु. ९५ न.पै.
धाकटा – स्यांडल, माप ९, वाढते – ५ रु. ९५ न.पै.
सौ. – इस्त्री, विजेची, १ नग – २९ रु. ५० न.पै.
टांगा, येताना – ७५ न.पै.

अण्णा म्हणजे आजोबा, आक्का म्हणजे आत्या. धाकटा म्हणजे मी, तेव्हा चार वर्षांचा. आठवतं ते एवढंच, की दुकानात एक उतरतं स्टूल होतं. विक्रेता त्याच्या वरच्या टोकाला बसायचा आणि आपण उतारावर पाय ठेवायचा. वडील खाली वाकून अंगठ्याने सँडलचं टोक दाबायचे आणि म्हणायचे, "पुढच्या जूनपर्यंत गेली पाहिजे." मग घरी आल्यावर टोकात कापूस. ऑगस्टपर्यंत मी फटक् फटक् चालायचो, जानेवारीत जरा बरं आणि एप्रिलमध्ये बोट बाहेर.

दोन प्रश्न आहेत. चार वर्षांच्या पोराचं माप ९ कसं? आज माझं माप ८ आहे. आणि ही इस्त्री चालू करता येईल का? वायरीवर कापडी वेष्टण आहे आणि पिन दोनच.

हिशेबनीस

पहिल्यांदा बेरीज केली, क्षमस्व, सवय आहे. पादत्राणं ६१ रु. २५, इस्त्री धरून ९०.७५, टांग्यासकट ९१ रु. ५० न.पै. वडिलांनी बेरीज लिहिलेली नाही का? लिहिली असेल तर जुळते का सांगा.

न.पै. म्हणजे नवे पैसे, हे इथल्या तरुण मंडळींसाठी. रुपयाचे १०० पैसे झाले १ एप्रिल १९५७ ला. त्याआधी १६ आणे, ६४ पैसे, १९२ पया. जुन्याशी घोळ नको म्हणून 'नवा पैसा', आणि १ जून १९६४ पासून 'नवा' गळून नुसता पैसा राहिला. तुमची वही त्याच्या बरोब्बर एक वर्ष आधीची.

आणि ते ९५ बघा. सहापैकी पाच जोड ९५ वर संपतात. कोल्हापुरी तेवढी घासाघीस करून घेतलेली दिसते, म्हणून ५०. ठराविक भावाच्या दुकानात घासाघीस नाही, पण पाच पैसे परत मिळतात आणि गिऱ्हाईक खूश होऊन पायऱ्या उतरतं. असल्या किमतीला आमच्याकडे सरळ 'बाटा भाव' म्हणायचे, दुकान कुठलंही असो.

शनिपार_रिटर्न

मापाचं उत्तर. आपल्याकडे इंग्लंडचं माप चालतं आणि ते विक्षिप्त आहे. मोजणी चार इंचांपासून सुरू होते, दर माप एकतृतीयांश इंचाचं. हा एकतृतीयांश म्हणजे म्हणे जवाच्या एका दाण्याची लांबी. लहान मुलांची मापं १३ पर्यंत जातात आणि मग पुढचं माप १४ नाही, पुन्हा १! तिथून मोठ्यांची मोजणी. म्हणजे तुमचं तेव्हाचं ९ म्हणजे चार अधिक तीन, सात इंच. आजचं ८ म्हणजे साधारण अकरा इंच. साठ वर्षांत तुम्ही एकने घटला नाहीत, घाबरू नका.

मी आठ वर्षं लक्ष्मी रोडला चपलांच्या दुकानात नोकरी केली, म्हणून दोन शब्द आगाऊपणाचे. चपला-बूट घ्यायला संध्याकाळी जावं. दिवसभरात पाय थोडा सुजतो. सकाळी घट्ट बसलेला बूट रात्री चावतो. दोन्ही पाय मोजायचे, बहुतेकांचा एक मोठा असतो, जोड मोठ्या पायाचा घ्यायचा. आणि उभं राहून मोजायचं, बसून नाही. मुलांचं वाढतं माप समजू शकतो, पण अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा पुरे. त्यापुढे पोरगं पाय घासत चालतं आणि टाच झिजून जोड जूनऐवजी डिसेंबरातच जातो. वडिलांचा हिशेब तिथे चुकला असं नम्रपणे म्हणतो.

आजी_बिबवेवाडी

१९६३ म्हणजे पानशेत धरण फुटून आलेल्या पुरानंतर दोन वर्षांनी. १२ जुलै १९६१. तेव्हा आम्ही शनिवारात, मी दहावीतली. पाणी ओसरल्यावर घरात गुडघाभर गाळ. लोक भांडी-कपड्यांचं बोलतात, चपलांचं कुणी बोलत नाही. चामड्याची चीज एकदा चिखलात भिजून उन्हात वाळली की लाकूड होते. आमच्या घरातले सगळे जोड गेले. महिनाभर कुणाच्या कुणाच्या दिलेल्या चपला, डावी एक उजवी दुसरी असंसुद्धा. नारायण पेठेतल्या घरात १९६३ ला सहाच्या सहा जोड एकदम, याचं मला मुळीच नवल वाटलं नाही.

गाळातून आमची कोळशाची इस्त्री मात्र निघाली. पितळी होती, चिंचेने घासली, झाली लख्ख. पण ती पाहुण्यांपुरती. एरवी काय, तांब्यात निखारे घालायचे, बूड स्वच्छ पुसायचं आणि फिरवायचा शर्टावर. कॉलर त्याने छान बसायची. साडी तर गादीखाली. रात्री घडी नीट घातली की सकाळी इस्त्री तयार, वीज नको नि कोळसा नको. फक्त झोपणाऱ्याने कूस कमी बदलायची.

खडकीचा_फिटर

इस्त्रीबद्दल. कृपा करून थेट प्लगात घालू नका.

तुमच्या इस्त्रीच्या पट्टीवर ४५० वॅट लिहिलेलं असेल, तेव्हा तोच आकडा चालायचा. आत अभ्रकाच्या पातळ पत्र्यावर गुंडाळलेली नायक्रोमची चपटी पट्टी असते, खालीवर आणखी अभ्रक, त्यावर लोखंडी वजन, मग कव्हर. अभ्रकातून उष्णता जाते, वीज जात नाही, म्हणून ते. नायक्रोम लाल झालं तरी हवेत गंजून तुटत नाही. त्या मिश्रधातूचं पेटंट १९०६ चं, आणि टोस्टर-इस्त्री-शेगडी ही सगळी मंडळी त्याच्या जिवावर उभी आहेत.

एलिमेंट बहुधा शाबूत असेल. मरते ती वायर. कापडी वेष्टणाच्या आतलं रबर ठिसूळ होऊन झडतं, वाकवली की तांबं उघडं. आणि त्या काळच्या इस्त्रीच्या वायरीत, आतल्या गादीत ॲस्बेस्टॉसही असायचं. म्हणून खरवडू नका, झटकू नका, ओलं करून पिशवीत बांधून टाका. नवी तीन तारांची वायर, तिसरी तार कव्हरच्या स्क्रूला अर्थिंग, तीन पिनांचा प्लग. लावण्याआधी मेगरने, म्हणजे इन्शुलेशन मोजायच्या यंत्राने, बॉडीशी इन्शुलेशन तपासून घ्या. माळ्यावर अभ्रकाच्या थरांत दमटपणा धरलेला असतो.

दोन पिना का, तर त्या काळी बऱ्याच खोल्यांत दिव्याचा पॉइंट असायचा, प्लगचा नसायचा. बल्ब काढायचा, होल्डरमध्ये ॲडॉप्टर अडकवायचा, इस्त्री डोक्यावरून लोंबणाऱ्या वायरीवर. इस्त्री करायची ती अंधारात नाहीतर दिवसा. अर्थिंगचा पत्ता नाही. ओल्या हाताने, मोरीशेजारी. माणसं वाचली कशी हेच कोडं.

ओवी_कर्वेनगर

कुणाच्याच लक्षात आलं नाही का?

आजोबांना जोड, वडिलांना जोड, आत्याला जोड, तिन्ही मुलांना जोड. आईच्या नावापुढे इस्त्री.

सरळमार्गी

ओवीताई, प्रत्येक धाग्यात हे आणायलाच हवं का? १९६३ सालच्या माणसाला आजचा चष्मा लावू नका. २९ रुपये ५० म्हणजे त्या यादीतली सगळ्यात महाग वस्तू. बायकोसाठी स्वतःच्या बुटांपेक्षा जास्त खर्च केला त्या माणसाने.

ओवी_कर्वेनगर

बायकोसाठी? इस्त्री फिरणार होती कुणाच्या शर्टावर?

सुनंदा_ग

भांडू नका, मी माझ्या घरची हकीकत सांगते, मग ठरवा.

आम्ही कोथरूडला ८७ की ८८ साली वॉशिंग मशीन घेतलं, आमच्या बिल्डिंगमधलं पहिलं. सेमी ऑटोमॅटिक, दोन टबचं. टीव्हीवरच्या जाहिरातीत ती बाई हसत हसत बटण दाबते ना, तसं काही नसतं त्यात. बादलीने किंवा नळीने पाणी भरायचं, पावडर घालायची, चावी फिरवायची. दर काही सेकंदांनी चकती उलट फिरते, कपडे एकमेकांत असे गुंततात की साडी म्हणजे दोरखंड. मग ते ओले जड कपडे उपसून शेजारच्या टबात, वरून रबरी झाकणी दाबून बसवायची. वजन एका बाजूला पडलं की मशीन धडधडत मोरीतून स्वयंपाकघराकडे निघायचं. दोन्ही हातांनी धरून उभी राहायची मी. बाहेर आले की पुन्हा पहिल्या टबात, खंगाळायला. पुन्हा स्पिन.

सासूबाईंनी स्वतःचं सोवळं त्यात कधी घालू दिलं नाही, मरेपर्यंत दगडावर. धुण्याच्या मावशींनी पहिल्याच दिवशी यंत्राकडे बघून विचारलं, "ह्याला पगार किती?" नंतर म्हणाल्या, "माझा कमी करू नका म्हणजे झालं. कॉलरी मलाच घासाव्या लागणार." आणि तसंच झालं, कॉलरी त्याच घासत.

आता मुद्दा. मशीन यायच्या आधी चादरी पंधरा दिवसांनी निघायच्या. मशीन आल्यावर दर आठवड्याला. पडदे वर्षातून एकदा दिवाळीला, ते महिन्याला. यजमान एक शर्ट दोन दिवस घालायचे, ते रोज नवा काढायला लागले, "मशीनच धुणार आहे ना?" एका कपड्यामागचे कष्ट कमी झाले हे खरंच, पाठ वाचली. पण कपडे किती वाढले ते कुणी मोजलं नाही. इस्त्रीचंही तेच. घरात इस्त्री नव्हती तोवर चुरगळलेला गणवेश घालून पोरं शाळेत जातच होती.

परदेशी_पाहुणा

सुनंदाताई, मशीन चालत सुटण्याची खोड जन्मजात आहे. अमेरिकेत १९३७ साली बेंडिक्स कंपनीने समोरून दार असलेलं पहिलं स्वयंचलित यंत्र आणलं. ते अक्षरशः जमिनीत बोल्ट ठोकून बसवावं लागायचं, नाहीतर पिळताना घर सोडून निघायचं. त्याच्या आधीच्या विजेच्या यंत्रांवर दोन रूळ असायचे, कपडा त्यातून चेपून पाणी काढायचं. बायकांची बोटं, केस, पदर म्हणा हवं तर, त्यात सापडायचे. पहिलं विजेचं यंत्र अल्वा फिशरने शोधलं असं सगळीकडे लिहिलेलं असतं. त्याचं पेटंट १९१० चं आहे, पण विजेच्या धुण्याच्या यंत्रांच्या जाहिराती त्याच्याही आधी छापून आलेल्या आहेत. त्यामुळे 'पहिला' म्हणताना जपून.

विजेच्या इस्त्रीचं पेटंट मात्र १८८२ चं, न्यूयॉर्कचे हेन्री सीली. पण घरात वीजच नाही, तर इस्त्री कोण घेणार? पुढे कॅलिफोर्नियात अर्ल रिचर्डसन नावाचा वीज कंपनीचा माणूस इस्त्र्या बनवायला लागला. कंपनी वीज फक्त रात्री द्यायची, दिव्यांपुरती. आणि तिथल्या बायकांचा इस्त्रीचा वार मंगळवार, तोही दिवसा. म्हणून त्याने मंगळवारी दिवसभर जनित्र चालू ठेवायला लावलं म्हणतात. फिटरसाहेब, बल्ब काढून होल्डरला लावायचा उद्योगही तिथलाच, आपण एकटेच वेडे नव्हतो.

आणि जोड्यांच्या दुकानाचं निघालंच आहे तर: इंग्लंड-अमेरिकेत १९२० नंतर बुटांच्या दुकानांत चक्क क्ष-किरण यंत्र ठेवलेलं असायचं. पोरानं बूट घालून फटीत पाय ठेवायचा, वरच्या तीन झरोक्यांतून पोरगं, आई आणि विक्रेता, तिघांनी बुटातली हाडं बघायची. पोरं गंमत म्हणून पुन्हा पुन्हा पाय घालत. धोका कळल्यावर बंदी आली, पेन्सिल्व्हेनिया राज्याने १९५७ मध्ये घातली. धागाकर्त्याच्या वडिलांचा अंगठाच बरा.

पावसाळी_बेडूक

अवांतर: कुणाला पावसाळ्यातल्या प्लास्टिकच्या चपला आठवतात का, सँडॅक? चिखलात बरबटल्या की नळाखाली धरायच्या. उन्हाळ्यात घातल्या तर पायावर जाळीचा छाप आणि वास असा की शेजारी उठून जायचा.

आणि कोल्हापुरीबद्दल कुणीच कसं बोललं नाही? नव्या जोडाला एरंडेल नाहीतर खोबरेल लावून रात्रभर ठेवायचं, मग अंगठा चावत नाही. तो कर्र कर्र आवाज हवा असेल तर तळाच्या थरांत विंचू नावाच्या झाडाच्या बिया घालून घ्यायच्या. आजोबा गल्लीच्या तोंडाशी आले की आमचे पत्ते गादीखाली, इतका त्या आवाजाचा उपयोग. पावसात मात्र नको, झाडपाल्याने कमावलेलं चामडं पाणी पितं. २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे आहेत, हे सांगितलं की कोल्हापूरचे मित्र दोन दिवस बोलत नाहीत.

नवी_सून_वाकड

मी बारावा मजला, वरून दुसरा. आम्हाला फुल्ली ऑटोमॅटिक घ्यायचंय, घेऊ का?

खडकीचा_फिटर

आधी दाब मोजा. बऱ्याच यंत्रांना निदान ०.३ बार लागतो, म्हणजे गच्चीवरच्या टाकीतलं पाणी नळाच्या तीन मीटर वर हवं. शेवटच्या मजल्यांवर तेवढं नसतं. मग यंत्र भरतच बसतं आणि चूक दाखवून थांबतं, दोष यंत्राचा नसतो. टँकर-बोअरचं पाणी असेल तर क्षार काढणारी पावडर महिन्यातून एकदा. आणि खाली उंदराची जाळी आजच लावून घ्या. वायरी कुरतडलेल्या मशीनवर माझं घर चालतं, तरी सांगतोय.

माळ्यावरचा_माणूस

चार दिवस गायब होतो. हिशेबनीस, बेरीज पानाच्या पाठीमागे आहे, ९१.५० च.

ओवीताईंचा प्रतिसाद वाचून रात्रभर डोक्यात तेच. साठ वर्षांत वहीचं नाही, पण ते घर रोज बघत होतो, मला का नाही दिसलं? आई ९१ वर्षांची आहे, कान पक्के. काल तिला पान वाचून दाखवलं आणि विचारलं, तुझी चप्पल कुठाय यात?

म्हणाली, "मी मंगळवारी घेतली ना. मंडईतून येताना. साडेसहा रुपये."

म्हटलं, वहीत नाही.

"वहीत कशी येईल? वही त्यांची. चप्पल भिशीच्या पैशातली. लाल अंगठ्याची होती. तुम्ही दुकानात गेलात तेव्हा मी म्हटलं, माझी आहे अजून. त्यांच्यासमोर घेतली असती तर तपकिरी घ्यावी लागली असती, टिकाऊ."

आणि इस्त्री?

यावर जरा वेळ गप्प. मग: "ती मी कुठे मागितली होती? परटाचे पैसे वाचवायचे होते त्यांना. आक्का कॉलेजात जायची, तिच्या साड्या. ह्यांचे शर्ट. आणली, आणि माझ्या नावावर मांडली होय? मला आज कळतंय."

सरळमार्गी, ओवीताई, दोघांनीही आपापलं काय ते घ्या यातून.

इस्त्री तपकीर गल्लीत, विजेच्या सामानाच्या बाजारात, नेली होती. फिटरसाहेबांनी सांगितलं तसंच निघालं, एलिमेंट शाबूत, वायर मेली. दुकानातल्या माणसाने कव्हर उघडून अभ्रक उन्हाकडे धरून दाखवला, काचेसारखा. नवी वायर, प्लग, अर्थिंग, तपासणी, ४५० रुपये. वॅटला रुपया. घरी आणून आईसमोर रुमालावर फिरवली. तिने बोटाला थुंकी लावून बुडाला टेकवली, चर्र झालं, म्हणाली, "तेव्हा टोकाला तापायची नाही, आत्ताही नाही."

शनिपार_रिटर्न

लाल अंगठ्याची! साडेसहा रुपयांत!! आजींना नमस्कार सांगा.

हिशेबनीस

दुरुस्तीचे ४५० वहीत मांडलेत की नाही?

माळ्यावरचा_माणूस

मांडले. त्याच पानाखाली जागा होती. 'सौ.' लिहायला घेतलं तर आईने पेन धरलं, म्हणाली माझ्या नावावर नको. 'धाकटा – इस्त्री दुरुस्ती' असं लिहिलंय.